तीस खाटांच्या कक्षाला परिचारिका किती लागतात?

पदांची मागणी करताना बहुतेक ठिकाणी खाटा मोजल्या जातात आणि हिशेब तिथेच फसतो. खाट वर्षाचे ३६५ दिवस जागेवर असते, परिचारिका मात्र नसते. म्हणून अधिसेविकेने (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखाने) आधी भरायच्या पाळ्या मोजाव्यात आणि पदांचा आकडा त्यावरून काढावा.

मेडिसिनचा ३० खाटांचा कक्ष घेऊ. प्रत्येक पाळीत सहा रुग्णांमागे एक परिचारिका ठेवायची ठरवली, तर एका पाळीला ५, दिवसाला १५ आणि वर्षाला ५,४७५ पाळ्या भरायच्या आहेत. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या १०, नैमित्तिक रजा ८, अर्जित रजा ३० आणि आजारपणाचे ७ दिवस धरले, तर १०७ दिवस वजा होऊन ती कामाला २५८ दिवस मिळते. ५,४७५ ला २५८ ने भागल्यावर २१.२ येतात, म्हणजे पदे २२ लागतात. आपल्या आस्थापनेचे रजेचे नियम वेगळे असल्यास आकडे बदलावेत, रीत हीच राहते. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने (सरकारी पदांची गरज तपासणाऱ्या यंत्रणेने) चोवीस तास चालणाऱ्या विभागांसाठी ४५ टक्के पदे वाढीव धरली होती, आणि आपल्या १५ मध्ये ४५ टक्के मिळवले तरी उत्तर २२ च येते.

कोणतेही प्रमाण वापरण्यापूर्वी ते एका पाळीचे आहे की एकूण पदांचे, हे पाहावे. परिचर्या शिक्षणाची नियामक संस्था असलेल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिक्षण रुग्णालयासाठी एकूण पदे तीन खाटांमागे एक परिचारिका अशी आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव पदे (रजेवरच्यांच्या जागी काम करण्यासाठी) आहेत. आपल्या कक्षाला या हिशेबाने १३ पदे मिळतात. तेरा जणींचे वर्षाचे ३,३५४ दिवस होतात, म्हणजे दिवसाला जेमतेम ९ पाळ्या. सकाळी ४ आणि दुपारी ३ लावल्या की रात्रीला २ उरतात. कागदावर तीनास एक असलेले प्रमाण रात्री पंधरास एक होते, आणि व्यवस्थापनाला दाखवायचा आकडा हाच आहे. एकीने अचानक रजा टाकली की तो तीसास एक होतो, हेही त्याच ओळीत लिहावे.

प्रसूतिरजा वरील १०७ दिवसांत धरलेली नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली, त्यामुळे वर्षात दोघींची रजा आली की एक पद वर्षभर रिकामे राहते. तरुण परिचारिका जास्त असलेल्या कक्षात हे दरवर्षीचेच असते, तरीही ते दरवेळी आकस्मिक म्हणून नोंदवले जाते. रजांचे अर्जही एकदमच येतात: कोकणातल्या सिस्टरांचे गणपतीत आणि मल्याळी सिस्टरांचे नाताळात. वर्षाचा रजा-तक्ता जानेवारीतच मांडला, तर ऐन सणात ड्युटी लावताना होणारी ओढाताण बरीच कमी होते.

कामाचा भार केवळ मध्यरात्रीच्या रुग्णगणनेवरून ठरवू नये. सकाळी आठ रुग्णांना सुट्टी मिळाली आणि दुपारी आठ नवे दाखल झाले, तर गणना तीसच राहते, पण काम बरेच वाढते. दोन आठवडे प्रत्येक पाळीतले दाखल, सुट्टी, शस्त्रक्रियेला पाठवलेले आणि पूर्ण परावलंबी रुग्ण वहीत लिहावेत. त्याच वहीत इंडेंट (साहित्याचे मागणीपत्र), चादरींची मोजदाद आणि बिलांच्या फाइली यांत गेलेला वेळही टिपावा. ही कामे लिपिक किंवा कक्षसेवकाकडे देणे नवे पद मागण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि लेखा विभागाला हा मुद्दा सर्वांत आधी पटतो.

पैशांचा दुसरा हिशेब नोकरी सोडून जाणाऱ्यांचा आहे. समजा, वेतन २५,००० रुपये आहे आणि नवी परिचारिका स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळू लागेपर्यंत दोन महिने जातात. तेवढ्यातच ५०,००० रुपये गेले, शिवाय त्या काळातल्या जादा पाळ्यांचा खर्च वेगळाच. वर्षात सहा जणी गेल्या, तर हा आकडा ३ लाखांवर जातो, पण ताळेबंदात त्याची ओळ कुठेच नसते. वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशी हाताशी ठेवाव्यात. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात किमान २०,००० रुपये आणि २०० पेक्षा जास्त खाटा असल्यास राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन, असे त्यात सुचवले होते. या शिफारशी कागदावरच राहिल्याचे अनेक परिचारिका सांगतील, तरी वाटाघाटीत त्यांचा आधार घेता येतो.

हा हिशेब अधिसेविकेने स्वतः अंदाजपत्रकाच्या बैठकीत मांडावा. प्रशासकाकडे नुसता कागद पाठवला, तर रजा राखीव पदांवरच पहिली कात्री चालते, कारण बाहेरच्या माणसाला ती जादा वाटतात. परिसेविकांना (कक्षांच्या प्रमुख परिचारिकांना) प्रस्तावाच्या तयारीत घ्यावे, कारण रात्री दोघींवर कक्ष सोपवण्याचा निर्णय रोज त्याच घेत असतात. प्रस्ताव एका पानाचा असावा: वर रात्रपाळीचे प्रमाण, खाली पाळ्यांचा भागाकार, शेवटी रिक्त पदांचा महिनावार तक्ता आणि जादा पाळ्यांवर झालेला खर्च.