भित्र्या कुत्र्याला ट्रेनिंग क्लासला नेताना

भिंगरी आमच्याकडे आली तेव्हा साधारण आठ महिन्यांची होती. पुण्यात, वारज्याच्या पुलाखाली वाढलेली, तांबूस रंगाची गावठी कुत्री. घरात अतिशय लाघवी, पण बाहेर नुसती स्कूटर सुरू झाली तरी अंगाचं मुटकुळं करून बसायची. क्लासला घाल म्हणजे धीट होईल, असं जो तो सांगायचा. पहिल्याच रविवारी तिथले ट्रेनर म्हणाले, "मध्ये आणा तिला, आपोआप सवय होईल." मी आणलं. आठ अनोळखी कुत्र्यांच्या मधोमध ती उभ्या जागी मुतली, मागे सरकत सरकत गळपट्ट्यातून मान काढली आणि सुसाट सुटली. मैदानाचं फाटक बंद होतं म्हणून हाती लागली. पुढचे तीन आठवडे ती त्या रस्त्याला वळायलाही तयार नव्हती.

तो क्लास सोडला. दुसरीकडे नव्याने सुरुवात करताना मी जे केलं ते इथे सांगते. सवय आपोआप होत नाही. कुत्रं घाबरलेलं असताना त्याला तिथेच दाबून ठेवलं की भीती पक्की होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी डॉक्टरांकडे जाऊन या. लसीकरण पूर्ण हवंच, शिवाय कान, दात, सांधे तपासून घ्या, कारण दुखत असलेलं कुत्रं जास्त बिथरतं. भीती फारच असेल, घरातही खाणंपिणं सुटत असेल, तर औषधाबद्दल डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

मग एकटेच जाऊन क्लास बघा, कुत्र्याला घरी ठेवून. ट्रेनरना विचारा: मी कडेला उभी राहिले तर चालेल का? मध्येच निघून गेले तर? कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? झटका, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काट्यांचा पट्टा यांपैकी काहीही उत्तरात आलं तर नमस्कार करून निघा. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका मांडली, की कुत्र्यांना शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरावी. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत तर यावर तडजोड नको.

सामान थोडंच लागतं. अंगाला नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), आणि सुरुवातीला हार्नेस व गळपट्टा दोन्हींना अडकवलेली लीश (कुत्र्याला धरायची दोरी), म्हणजे एकातून निसटलं तरी दुसरा धरून ठेवतो. घरातली रोजची सतरंजी. आणि खाऊ. बिस्किटं इथे कामाची नाहीत. मी मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन नखाएवढे तुकडे करून नेते. तुमच्याकडे मांसाहार नसेल तर पनीर चालतं. सकाळचं जेवण निम्मं द्या, म्हणजे तुकड्याला किंमत राहते.

क्लास नसेल त्या दिवशी रिकाम्या मैदानावर दोन-तीनदा जा. शिकवायचं काही नाही. गवतात तुकडे विखरायचे आणि तिला वास घेत हिंडू द्यायचं. भिंगरीने दुसऱ्या वेळी तिथे अंग झटकलं, ओल्या कुत्र्यासारखं, कानापासून शेपटीपर्यंत. ताण उतरला की कुत्री असं करतात.

आता प्रत्यक्ष क्लास. यात अंतर हेच खरं औषध. सगळ्यांच्या आधी पोहोचा, म्हणजे गर्दीत शिरावं लागत नाही, आणि सगळ्यात लांबचा कोपरा धरा. आम्ही पहिल्या दिवशी इतरांपासून पंचवीस-तीस पावलांवर, एका उभ्या गाडीच्या आडोशाला बसलो होतो. अंतर पुरेसं आहे की नाही हे मी तिच्या तोंडावरून ओळखते. निवांत असली की ती तुकडा ओठांनी अलगद उचलते, बोटांना फक्त ओलसर जीभ लागते. ताण चढला की तोच तुकडा दातांनी ओढते, बोटाला टोचतं. त्याही पलीकडे गेली की तुकडा तोंडातून खाली पडतो, किंवा ती त्याकडे बघतच नाही. दात लागले की मी दहा पावलं मागे जाते. तुकडा पडेपर्यंत थांबत नाही. सोबत इतर खुणाही बघा: भूक-झोप नसताना जांभया, सारखी नाकावर जीभ फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ऊन नसताना धापा.

खाऊ देण्याचा क्रम चुकवू नका. आधी दुसरं कुत्रं दिसू दे, मग तुकडा. उलट केलं, खाऊ दाखवून जवळ ओढत नेलं, तर कुत्र्याला खाऊचाच संशय यायला लागतो. आणि घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, हे खरं नाही. ती तुम्हाला टेकायला आली तर टेकू द्या. फक्त लीश सैल ठेवा. माझा हात आखडला की तिचे कान लगेच मागे जायचे.

"काकू, हात लावू का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. मी ठामपणे "आज नको रे" म्हणते आणि तिच्यापुढे उभी राहते. कुत्र्याच्या वतीने नाही म्हणणं हे आपलंच काम आहे.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. कुत्रं अजून ठीक आहे तेवढ्यातच निघा. पैसे तासाचे भरले असले तरी. घरी आल्यावर झोपू द्या, दुसऱ्या दिवशी बाजारात किंवा पाहुण्यांत नेऊ नका.

आम्हाला त्या गाडीमागून क्लासमधल्या बाकी कुत्र्यांच्या गोलाच्या कडेपर्यंत यायला सहा रविवार लागले. सातव्या रविवारी बाजूचा लॅब्राडोर भुंकला तेव्हा भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्या खिशाकडे पाहिलं, आणि सतरंजीवर बसली. त्यानंतर कुठे आम्ही "बस" शिकायला घेतलं.