फिटनेस बँडवर व्यायाम करताय? मग या चुका टाळा

‘बँड खोटं सांगतो’ अशी तक्रार अधूनमधून कानावर येतेच. तो खोटं सांगत नाही, अंदाज सांगतो. ते मोजमाप आहे असं आपणच धरून चालतो. मनगटावरचं हे यंत्र मुख्यतः दोन गोष्टी टिपतं: हाताची हालचाल आणि कातडीखालच्या रक्ताचा चढउतार. जरा महाग घड्याळात जीपीएस आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. कॅलरी, ताण, झोपेचे टप्पे हे सगळं त्यावर रचलेलं गणित.

कॅलरी बघून ताट वाढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात घड्याळं ६० जणांच्या हातात बांधून तपासली. नाडीच्या ठोक्यांत सातपैकी सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात बरं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट तब्बल ९३ टक्क्यांनी. ही मॉडेलं आता जुनी झाली, पण मूळ अडचण तशीच आहे. तुमच्या अंगात स्नायू किती, चरबी किती, श्वासातून ऑक्सिजन किती वापरला जातोय, हे घड्याळाला कळत नाही. ते वय, वजन, उंची आणि नाडी घेऊन सूत्र लावतं. त्यातही वजन दोन वर्षांपूर्वी भरलेलं असेल तर बोलायलाच नको.

आणखी एक गोम आहे. ‘टोटल’ कॅलरींमध्ये नुसतं पडून राहिलात तरी खर्च होणाऱ्या कॅलरीही धरलेल्या असतात. व्यायामाचा आकडा ‘ॲक्टिव्ह’ या नावाखाली असतो. सिंहगड चढून गेल्यावर टोटलचा आकडा बघून पिठलं-भाकरी, वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही असा हिशेब मांडला, तर तो जुळणार नाही. (दही खाऊ नका असं कोण म्हणतंय? घड्याळाला विचारून खाऊ नका.)

पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ चा एक प्रयोग इथे आठवतो. वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांना दोन वर्षं पाहिलं. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. अंगावर यंत्र बांधलेल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, यंत्राविना केलेल्यांचं ५.९ किलो. असं का झालं, ते त्या प्रयोगातून सिद्ध झालं नाही. पण यंत्र बांधलं म्हणजे वजन आपोआप उतरतं, हा समज तरी त्यातून मोडावा.

नाडी भलतीच दाखवतोय

बँडच्या पाठीमागचा हिरवा दिवा रक्तावर पडतो, परत आलेल्या उजेडावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड शिरतो आणि गडबड होते. पट्टा मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या बोटभर वर बांधा. व्यायामापुरता एक भोक घट्ट करा. थंडीत हात गार पडले असतील किंवा त्या जागी गडद टॅटू असेल, तरी आकडा बिघडतो.

पळणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो. नुकतंच पळायला लागलो, धापही लागलेली नाही, आणि घड्याळ १६५ दाखवतंय. अशा वेळी मिनिटाला पडणारी पावलं मोजून बघा, तीही १६५ च्या आसपास निघतील. हाताच्या लयीलाच घड्याळ नाडी समजून बसलेलं असतं. थांबा, तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या बुडाशी ठेवा, ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. फरक मोठा आला तर पट्टा पुन्हा बांधा. जोरात-हळू असा आलटूनपालटून सराव करणाऱ्यांनी छातीला बांधायचा नाडी मोजणारा पट्टाच घ्यावा.

सूर्यनमस्कार, दंड, डंबेल्स यांत मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, आणि आकडा कोसळतो. मग मेहनत करूनही घड्याळ शाबासकी देत नाही, आणि लोक हा व्यायाम सोडून नुसते चालत सुटतात. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो घड्याळासाठी सोडू नका.

‘झोन’चंही, म्हणजे व्यायामात नाडी किती असावी या टप्प्यांचंही, तसंच. बरीच घड्याळं नाडीच्या कमाल वेगासाठी २२० वजा वय हे सूत्र धरतात. पन्नाशीच्या माणसाला ते १७० देतं. प्रत्यक्षात १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज असतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. मग झोन गाठायच्या हट्टाने जीव काढू नका. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग मध्यम व्यायामाला पुरतो.

भरवसा ठेवायचाच असेल तर विश्रांतीच्या नाडीवर ठेवा. हात स्थिर असतो, त्यामुळे चूक कमी. काही आठवड्यांत ती खाली येतेय का, एवढं बघा.

पावलांचा हट्ट

खड्ड्यांतून दुचाकी नेली, आरतीत टाळ्या वाजवल्या, तरी पावलं वाढू शकतात. बाबागाडी ढकलताना हात हलत नाही, म्हणून चाललेली पावलंही बुडतात. दाबाचा सेन्सर नसेल तर पर्वतीच्या पायऱ्या चढा नाहीतर सपाट मैदानात चाला, घड्याळाला सगळं सारखंच. आणि १०,००० चा आकडा डॉक्टरांनी दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र, बाजारात आणलं. तेव्हापासून तो चिकटला. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात मृत्यूचा धोका ४,४०० पावलांपासूनच कमी दिसला आणि ७,५०० नंतर त्यात फारसा फरक पडला नाही. साडेनऊ हजार झाले म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या कशाला?

झोपेचे टप्पे बघून दिवसाचा मूड ठरवत असाल, तर ते ॲप उघडूच नका.

घड्याळाला डॉक्टर करणं

सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांपासून दूर राहा. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. तो आकडा बघून इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. घड्याळातला ईसीजी ठोक्यांची अनियमितता पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, आणि पडद्यावर सगळं नॉर्मल दिसतंय, तरी १०८ ला फोन लावा.