राज्यपालांच्या नावाने अर्ज, नोटीस, दावा: या चुका टाळा

शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते. ती वाचून बीड-लातूरकडचे अनेकजण त्या निर्णयाविरुद्धचा अर्ज थेट राज्यपालांना धाडतात. पण बहुतेक वेळा ती फाइल राज्यपालांपुढे गेलेलीच नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याचा कारभार त्यांच्या नावाने चालतो. निर्णय मंत्र्यांचा किंवा विभागाचा, सही अवर सचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची. तुमचा अर्ज फिरून त्याच विभागाकडे येतो आणि मधला वेळ वाया जातो. पहिल्या पानावरचा शासन निर्णय क्रमांक पाहा: 'प्र.क्र.' नंतर तिरकी रेघ देऊन शेवटी जे लिहिलेले असते ते कार्यासन, म्हणजे विभागातला ती फाइल हाताळणारा कक्ष. अर्जावर विभाग, कार्यासन, क्रमांक आणि दिनांक घाला आणि तिथेच द्या.

कोर्टातही हीच ओळ फसवते. दावा राज्यपालांवर लावू नका; अनुच्छेद ३०० प्रमाणे प्रतिवादी 'महाराष्ट्र राज्य' असते. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देऊन दोन महिने थांबावे लागते. तातडीचा दिलासा हवा असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो. छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका (शासनाच्या कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) करायची असेल, तर ही नोटीस लागत नाही.

मराठवाड्याचे खरे नुकसान मात्र राज्यपालांवर मागास भागांची विशेष जबाबदारी टाकणारा अनुच्छेद ३७१(२) चुकीचा वाचल्याने होते. त्यात विकास मंडळ, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकरीच्या संधी या बाबी येतात. गावचा रस्ता किंवा बंधारा त्यात बसत नाही. ती मागणी जिल्हा परिषदेकडे किंवा जिल्हा नियोजन समितीकडे न्या. राज्यपालांना निवेदन द्यायचे तर मराठवाड्याचा अनुशेष (विकासातली मागे राहिलेली तूट), वर्षाची तरतूद आणि झालेला खर्च शेजारी शेजारी मांडा. नुसत्या 'अन्याय झाला' या शब्दांवर कुणालाच काही करता येत नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, त्यामुळे ही मागणी करताना एक प्रत केंद्रीय गृह मंत्रालयाला हवीच.

राज्यपालांनी अधिवेशन नसताना काढलेला अध्यादेश (तात्पुरता कायदा) कायमचा धरून चालू नका. विधिमंडळाची बैठक पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या तारखांना भरली, तर नंतरची तारीख धरायची.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागातल्या अनुसूचित (आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या) गावांसाठी मूळ कायद्याची प्रत पुरत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली राज्यपाल अधिसूचना काढून एखादा कायदा तिथे लागू होऊ न देणे किंवा फेरफारासह लागू करणे, हे दोन्ही करू शकतात. वकिलाकडे जाताना राजपत्रातली ती अधिसूचना सोबत ठेवा.