पेनावरचा मुलामा टिकवायचा असेल तर

लाकडी पेन कातून देतो म्हटलं की गिऱ्हाईक आधी लाकडाचीच चौकशी करतं. शिसम आहे का, जुन्या दाराचा सागवान चालेल का. लाकडाला काही होत नाही हो. तक्रार येते ती टोकाच्या धातूची: "सोनं उडालं."

उडणारच. किटचे (टोक, क्लिप वगैरे तयार धातूच्या सुट्या भागांच्या संचाचे) भाग बहुधा पितळेचे, त्यावर निकेलचा थर आणि वर सोन्याचं नुसतं पाणी, बहुतेकदा एका मायक्रॉनहून पातळ. त्यात २४ कॅरेट म्हणजे सगळ्यात मऊ. घामातलं मीठ आणि आम्ल बारीक छिद्रांतून खाली झिरपतं, बोटं वरून घासत राहतात, आणि एक दिवस टोकाशी पितळ दिसू लागतं. म्हणून २४ कॅरेट मी फक्त कपाटात ठेवायच्या भेटवस्तूला वापरतो. १० कॅरेट मिश्रणामुळे जरा कडक, पण रोजच्या लिखाणाला तेही पुरत नाही.

सोनेरी रंगच हवा असेल तर टायटॅनियम नायट्राइड घ्या. कॅटलॉगमध्ये 'टायटॅनियम गोल्ड' लिहितात. त्यात सोनं नसतं. निर्वात कक्षात चढवलेला हा थर विकर्स या कठीणपणाच्या मापावर २००० च्या आसपास कठीण असतो. क्रोम साधारण ८०० ते १०००, शुद्ध सोनं शंभराच्याही खाली. चंदेरी हवं तर क्रोम घ्या, स्वस्त आणि भरवशाचं. ऱ्होडियम दिसायला सुरेख आणि काळं पडत नाही, पण किंमत चढते. काळ्या रंगाच्या एनॅमलचे मात्र कडेला टवके निघतात. किल्ल्यांबरोबर पेन ठेवणाऱ्याला ते देऊ नका.

मुलाम्याइतकाच पेनाचा आकार महत्त्वाचा. कच्चं लाकूड हातात घेऊन लिहायची नक्कल करा आणि बोटं कुठे पडतात ते पाहा. स्लिमलाइन या बारीक पेनाच्या नमुन्यात काहींची बोटं धातूच्या टोकावरच येतात. अशांना पुढचा लाकडी भाग लांब असलेला नमुना द्या. बोटाखाली लाकूड आलं की मुलाम्याची निम्मी काळजी मिटली. क्लिप खिशाच्या कापडावर घासते, पण तिथे घाम कमी, त्यामुळे ती उशिरा झिजते.

जोडणीतही मुलामा बिघडतो. कातताना आणि घासताना किटचे भाग लावायचेच नाहीत, बुशिंगच (कातताना लाकडाच्या दोन्ही टोकांना लावायची मापाची धातूची कडी) ठेवायचं. व्हाइसमध्ये (शिकंजात) भाग दाबून बसवताना दोन्ही जबड्यांना लाकडाच्या चकत्या लावा. लाकडाला फेवीक्विकसारख्या गोंदाचं फिनिश दिलं असेल तर ते पूर्ण सुकू द्या. ओल्या गोंदाची वाफ धातूवर पांढुरकी धरते.

पेन देताना सांगायचं एवढंच: आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या फडक्याने पुसा. पितळ घासायची पावडर किंवा ब्रासो कधीच नको, त्याने मळ जातो आणि सोबत सोनंही. फाउंटन पेन असेल तर शाई भरल्यावर निबजवळचं कडं लगेच पुसा, कारण लोहयुक्त जुन्या पद्धतीच्या शाया आम्लधर्मी असतात.

इतकं करूनही टोक गेलंच तर पुन्हा मुलामा चढवायच्या भानगडीत पडू नका. जुना थर काढून, निकेल नीट करून एकाच छोट्या भागासाठी ते परवडत नाही. त्याच मापाचं सुटं टोक घ्या. रीफिल काढा, मागून बारीक दांडी घालून हलक्या हाताने ठोका. जुनं टोक बाहेर पडतं, नवं दाबून बसवा, आणि या वेळी क्रोमचं बसवा.