मुंबईत बसून इंडोनेशियातील अनोळखी खेडे कसे समजून घ्यावे

इंडोनेशिया म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर बाली येते आणि बहुधा तिथेच थांबते. त्या देशात सुमारे ७५ हजार खेडी आहेत आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात सापडणार नाहीत. अशा एखाद्या खेड्यात लोक कसे जगतात आणि पुढे तिथे काय उरेल, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने शेतांची छायाचित्रे पाहण्याआधी गावात पैसा कुठून येतो हे शोधावे. ज्याच्या घरात गिरणीतल्या पगाराची मनीऑर्डर कोकणात जात असे, त्याला हा प्रश्न शिकवावा लागणार नाही.

सर्वप्रथम गाव नेमके निश्चित करावे. आपल्याकडे वडगावे आणि पिंपळगावे जशी जागोजागी आहेत, तशी तिकडे सुकामाजू आणि सिदोमुल्यो ही नावे पुनःपुन्हा येतात. म्हणून गावाच्या नावाबरोबर केचामातान, काबुपातेन आणि प्रांत ही तिन्ही नावे टिपून ठेवावीत. काबुपातेन म्हणजे जिल्हा, आणि केचामातान हा त्याखालचा, आपल्या तालुक्याच्या जागी येणारा घटक. त्यानंतर ते ‘देसा’ आहे की ‘केलुराहान’ हे पाहावे, कारण देसाचा प्रमुख गावकरी निवडून देतात, तर केलुराहानचा प्रमुख सरकारी नेमणुकीचा असतो. पश्चिम सुमात्रात देसाच्या जागी ‘नागारी’ आणि आचेमध्ये ‘गाम्पोंग’ हे शब्द भेटतील.

भाषेची भीती बाळगू नये. लिपी रोमन आहे आणि तीत ‘सी’ हे अक्षर नेहमी ‘च’ वाचायचे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते. शिवाय ओळखीचे शब्द भेटत राहतात: देसा हा आपला ‘देश’, हार्गा म्हणजे किंमत आणि तिच्या मुळाशी ‘अर्घ’, उसाहा म्हणजे व्यवसाय आणि तो ‘उत्साहा’तून आलेला, तर बेंदाहारा म्हणजे खजिनदार, ज्यात ‘भांडार’ ऐकू येते. तिकडे व्यवसायालाच उत्साह म्हणतात, हे कळल्यावर मला त्या भाषेबद्दल विशेष जिव्हाळा वाटू लागला.

आकड्यांसाठी बादान पुसात स्टाटिस्टिक या मध्यवर्ती सांख्यिकी संस्थेची ‘केचामातान दालाम आंका’ ही वार्षिक पुस्तिका पाहावी. ती प्रत्येक केचामातानची वेगळी निघते आणि संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तीत लोकसंख्या, शाळा, आरोग्यकेंद्रे आणि पिके यांची कोष्टके असतात. याखेरीज खेड्यांना ‘अतिमागास’पासून ‘स्वावलंबी’पर्यंत पाच पायऱ्यांवर बसवणारा सरकारी निर्देशांकही आढळेल. तो जरूर पाहावा, पण त्यासाठीची माहिती मुळात गावपातळीवरच भरली जाते, हे विसरू नये.

आता पैशाकडे वळावे. २०१४ च्या सहाव्या क्रमांकाच्या कायद्याने इंडोनेशियातील खेड्यांना स्वतःचा निधी आणि स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. २०१५ पासून केंद्राकडून ‘दाना देसा’, म्हणजे ग्रामनिधी, येऊ लागला. पहिल्या वर्षी तो सुमारे २१ लाख कोटी रुपिया होता आणि २०२३ मध्ये ७० लाख कोटी रुपियांवर गेला. या आकड्याने दचकू नये. गावांच्या संख्येने भागल्यास सरासरी एका गावाला ९३ कोटी रुपिया, म्हणजे आपल्या चलनात साधारण अर्धा कोटी रुपये येतात. त्यातून रस्ते, गटारे, पोस्यांदू (आपल्या अंगणवाडीची आठवण करून देणारे माता-बाल आरोग्याचे केंद्र) आणि गावाचा स्वतःचा उद्योग यांवर खर्च होतो. अंदाजपत्रकाचा फलक गावच्या कार्यालयाबाहेर लावण्याची पद्धत आहे. त्याचे छायाचित्र मिळाले, तर ते कोणत्याही अहवालाहून अधिक बोलके ठरते. २०२४ च्या दुरुस्तीने गावप्रमुखाची मुदत सहावरून आठ वर्षे झाली असल्याने पुढची निवडणूक केव्हा आहे, हेही विचारावे.

गावउद्योगाचे उदाहरण म्हणून मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यातल्या पोंगोकचे नाव हमखास पुढे केले जाते. तेथील झऱ्याच्या तलावात पाण्याखाली छायाचित्रे काढण्याची सोय करून गावाने चांगले उत्पन्न उभे केले. परंतु पोंगोकला बारमाही झरे आहेत आणि योग्यकार्ता व सोलो ही दोन शहरे जवळ आहेत. आपण निवडलेल्या गावाला यांपैकी काहीच नसेल, तर ती तुलना सोडून द्यावी.

पीक पाहताना जमिनीचा आकार आधी विचारावा. अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन कसणाऱ्याला तिकडे ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात, आणि जावात असे शेतकरी फार मोठ्या संख्येने आहेत. सुमात्रा किंवा कालिमांतानमधील (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडील भाग) गाव असेल, तर बहुधा पाम तेलाचा विषय निघेल. पामचे घड तोडल्यावर साधारण दिवसभरात गिरणीत पोचले नाहीत, तर तेलाचा दर्जा घसरतो. त्यामुळे पावसाळ्यात रस्ता खचला की शेतकऱ्याची सौदा करण्याची ताकदही खचते आणि ‘तेंकुलाक’, म्हणजे दलाल, सांगेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून गिरणीचे अंतर आणि रस्त्याची स्थिती हे दोन प्रश्न कधीही गाळू नयेत. २०२२ मध्ये २८ एप्रिल ते २३ मे या काळात इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात रोखली, तेव्हा भारतातील आयातदार चिंतेत होते आणि तिकडच्या लहान बागायतदारांच्या घडांचे भाव कोसळत होते. दादरच्या दुकानातील फरसाणाच्या पुडीवर ‘पामोलीन’ हा शब्द वाचणाऱ्याला त्या गावाशी आपला काहीच संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

यानंतर गावाबाहेर गेलेली माणसे मोजावीत. कोणी जकार्ताला, कोणी मलेशियात, तर अनेक स्त्रिया हाँगकाँग आणि तैवानमध्ये घरकामासाठी जातात. नवी पक्की घरे कोणाच्या पैशातून उभी राहिली, शेत कोण कसते आणि नातवंडे आजीकडे वाढतात का, या तीन उत्तरांतून भवितव्याचा अंदाज येऊ लागतो. गावात राहिलेल्यांचे परस्परांवरील अवलंबन ओळखणे आपल्याला सोपे जाते: ‘आरिसान’ ही आपली भिशी, आणि ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे सर्वांनी मिळून एकमेकांचे काम उरकणे, हे पुष्कळसे आपले इर्जिक.

प्रत्यक्ष जायचे ठरल्यास भारतीयांना ५ लाख रुपिया भरून तीस दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो. मुंबईत अल्टामाउंट रोडवर इंडोनेशियाचे वाणिज्य दूतावास आहे, तेथे सद्य नियम विचारून घ्यावेत. गावात मुक्काम असल्यास चोवीस तासांच्या आत वस्तीप्रमुखाला, ज्याला ‘पाक एर्ते’ म्हणतात, कळवण्याची रीत आहे. घरात जाताना चपला बाहेर काढाव्यात, देणेघेणे उजव्या हाताने करावे आणि यजमान ‘सिलाकान’ म्हणेपर्यंत समोरच्या कॉफीला हात लावू नये.

दिवस निवडताना मात्र विचार करावा. बाहेर गेलेली माणसे ईदला, म्हणजे ‘लेबारान’ला, गावी परततात, या परतीला ‘मुदिक’ म्हणतात आणि गणपतीत कोकणची गाडी पकडणाऱ्याला त्या गर्दीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. माणसे भेटायची असतील, तर तोच आठवडा उत्तम. मात्र त्या दिवसांत गावचे कार्यालय बंद असते, म्हणून कागदपत्रे पाहायची असल्यास दोन आठवडे आधी पोचावे, आणि लेबारान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षाची तारीख पडताळून घ्यावी.