सिंथचा डिले रूपक तालात कसा बसवायचा

ठाण्यात कीबोर्डवर सुगम गायनाला साथ करणारी आणि रात्री घरी लॅपटॉपवर सिंथ (सिंथेसायझर) घेऊन स्वतःचं काही रचणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: रूपक तालातली चाल घेतली, सिंथला छानसा डिले लावला की सगळा ठेका गढूळ होतो. यात सिंथचा दोष नाही. तयार प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेली सेटिंग, बहुतेक चार बीटच्या हिशेबाने बांधलेले असतात, आणि रूपकाला सात मात्रा.

डिले म्हणजे वाजलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट. साध्या डिलेत अंतर एकच असतं आणि तेच पुन्हापुन्हा येतं. मल्टी-टॅप डिलेत एकाच स्वराचे तीन-चार पडसाद (प्रत्येक पडसाद म्हणजे एक टॅप) वेगवेगळ्या अंतरांवर ठेवता येतात, शिवाय प्रत्येकाचा आवाज, दिशा आणि रंग वेगळा ठेवता येतो. १९७४ च्या रोलँड आरई-२०१ स्पेस एको यंत्रात टेपच्या वेटोळ्यासमोर तीन प्लेबॅक हेड असत; पडसादांची अंतरं त्या हेडांच्या जागेवर आणि टेपच्या वेगावर ठरत. आता तेच काम सॉफ्टवेअर करतं आणि अंतर थेट टेम्पोला बांधून देतं.

पहिल्यांदा हिशेब. ६०,००० ला टेम्पोने भागलं की एका क्वार्टर नोटचे मिलिसेकंद मिळतात. टेम्पो १०० (मिनिटाला १०० क्वार्टर) असेल तर क्वार्टर ६००, त्याच्या निम्मा एट्थ ३००, दीड एट्थचा डॉटेड एट्थ ४५०. लोकप्रिय प्रीसेटमध्ये सापडतो तो हा डॉटेड एट्थ. एक मात्रा म्हणजे एक एट्थ धरा आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एक स्वर वाजवा. पडसाद दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात मात्रांनंतर येतील. पुढची सम सातवर आहे, ती हुकली. हा डिले समेला गाठतो तो थेट २१ मात्रांनी, म्हणजे तीन आवर्तनांनंतर. गढूळपणा येतो तो इथून.

आता बांधणी. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधला रीडिले हा मल्टी-टॅप डिले मी सुचवेन. विंडोजवर तो रीप्लग्ज या मोफत संचातही मिळतो. सिंथ कुठलाही चालेल, सर्ज एक्सटी मोफत आहे आणि उत्तम आहे. आवाज मात्र तुटक निवडा: अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) साधारण २०० मिलिसेकंद, सस्टेन (टिकून राहणारी पातळी) शून्य. पॅडसारख्या लांबलेल्या आवाजावर टॅप वेगळे ऐकूच येत नाहीत. प्रीसेटमध्ये आधीच बसवलेला डिले आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन डिले एकमेकांत गुंततात आणि नेमकं काय ऐकतोय तेच कळत नाही.

रीडिले वेगळ्या ट्रॅकवर टाका, त्यात ड्राय (मूळ आवाज) पूर्ण खाली घ्या आणि सिंथच्या ट्रॅकवरून तिकडे सेंड द्या, म्हणजे सिंथचा आवाज तिकडेही जाईल. रीडिलेत लांबीचे दोन स्लाइडर असतात, एक वेळेचा आणि एक सांगीतिक. वेळेचा शून्यावर ठेवा. सांगीतिक स्लाइडर एट्थ नोटमध्येच मोजतो, त्यामुळे आपल्या मात्रा तशाच लिहिता येतात. तीन टॅप जोडा: ३, ५ आणि ७.

हेच आकडे का? रूपकाचे विभाग ३, २, २ असे आहेत: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. समेवर वाजलेल्या स्वराचा पहिला पडसाद चौथ्या मात्रेवर पडतो, दुसरा सहाव्या आणि तिसरा पुढच्या समेवर. चौथी आणि सहावी मात्रा म्हणजे दोन्ही ‘धीं’च्या जागा, तबल्याचा बायाँ (डग्गा) तिथेच बोलतो. रूपकात सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देण्याच्या जागी, असते, म्हणून समेवर पडणारा टॅप मी सगळ्यात मंद ठेवते. पहिल्या दोघांना -६ आणि -७ डेसिबल, तिसऱ्याला -१२. तिसऱ्याचा लोपासही (वरचे स्वर कापणारा फिल्टर) २५०० हर्ट्झपर्यंत खाली आणा, बाकी दोघांचा ५००० च्या आसपास पुरे. हायपास (खालचे स्वर कापणारा) तिघांनाही २५० हर्ट्झ, म्हणजे बायाँच्या घुमाऱ्यावर चिखल होत नाही. पॅन पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा मध्ये.

फीडबॅकशी, म्हणजे पडसाद पुन्हा डिलेत घालण्याशी, जपून. रीडिलेत प्रत्येक टॅपचा फीडबॅक स्वतंत्र असतो. ३ च्या टॅपला फीडबॅक दिलात तर तो ३, ६, ९ असा पळतो आणि विभाग मोडतो. फक्त ७ च्या टॅपला थोडा द्या. तो दर समेला परत येतो आणि हळूहळू विरतो.

तपासायचं कसं? क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) बंद करून रूपकाचा ठेका लावा, आवर्तनात फक्त समेवर एक स्वर वाजवा आणि हाताने टाळी-खाली द्या. दोन्ही टाळ्यांवर पडसाद नेमका आला की झालं.

दिवाळी पहाटेला तलावपाळीसारख्या उघड्यावर वाजवायचं असेल तर दोन गोष्टी बघा. तबलजी क्लिकवर वाजवत नसेल तर टेम्पो बांधून ठेवण्याला अर्थ नाही. टॅप टेम्पोचं बटण (लयीत दाबलं की टेम्पो ठरवणारं) हाताशी हवं, आणि लय वाढली की ते पुन्हा दाबायला हवं. दुसरं, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरवरच्या श्रोत्याला स्टेजचा आवाज १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तिथे जवळ दुसरा स्पीकर लावलेला असेल तर हा फरक आपल्या टॅपमध्ये मिसळतो. अशा वेळी डिलेचा सेंड निम्म्यावर आणा.

झपतालासाठी (दहा मात्रा, विभाग २, ३, २, ३) टॅप २, ५, ७, १० असे लावा, आणि त्यात ५ चा टॅप मंद ठेवा, कारण तो सहाव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’वर पडतो.