फोनची जन्मतारीख विचारा
दिवाळीच्या सेलमध्ये गेल्या वर्षीचा भारी फोन स्वस्तात दिसला की आम्हा गॅजेटवेड्यांचे हात शिवशिवतात. मेगापिक्सेल, रॅम तोंडपाठ असतं. पण फोन बाजारात कधी आला, हे बघायचं राहून जातं. कंपनी जितकी वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देणार, ती सहसा तिथून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. गुगलचा पिक्सेल ८ हा फोन ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, ७ वर्षांच्या अपडेटचं आश्वासन घेऊन. तो कधीही घ्या, मुदत २०३० लाच संपणार. स्वस्त फोनला दोन-तीनच वर्षं मिळत असतील, तर त्यातलं एक दुकानाच्या कपाटातच गेलेलं असतं. मी असाच फसलो. आठ महिन्यांत अपडेट बंद, फोन मात्र नवाकोरा!

तेच मॉडेल वापरणारं कुणी ओळखीत असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचचा (म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी बुजवणाऱ्या शेवटच्या अपडेटचा) महिना बघा. पाच-सहा महिने जुना असेल, तर कंपनी किती लक्ष देते ते कळलंच. (दुकानातल्या डेमो पीसवर जाऊ नका, तो बिचारा कधी नेटला जोडलेलाच नसतो.)

आणि खोकं उघडल्यावर काउंटरवरच *#०६# दाबून आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोक्याशी आणि बिलाशी जुळवून घ्या.